बीपीचा आकडा जातो कुठे?

उच्च रक्तदाबावरचा उपाय आता प्रत्येकाच्या खिशात आला आहे, असं गेली काही वर्षं सांगितलं जातं. ॲप घ्या, रोज दोन आकडे भरा. गोळीच्या वेळी फोन वाजेल, मिठाचा हिशोब फोन ठेवील, पावलंही तोच मोजील. रुग्ण स्वतःच स्वतःची काळजी घेऊ लागेल आणि दवाखान्यावरचा भार हलका होईल. भाषणांतून, जाहिरातींतून, नव्या कंपन्यांच्या सादरीकरणांतून हे इतक्या वेळा ऐकवलं गेलं आहे की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. तो मागायला हवा, आणि मागायला मुंबईच्या वरळी कोळीवाड्यासारखी दुसरी जागा नाही. मागे टोलेजंग इमारती, पुढे समुद्र, मध्ये चिंचोळ्या गल्ल्या. ॲप बनवणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवलेला रुग्ण त्या इमारतींत सापडतो, गल्ल्यांत तो क्वचितच भेटतो.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या 'स्टेप्स' सर्वेक्षणात १८ ते ६९ वयोगटातल्या ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब असल्याचं आढळलं. त्यांतले ७२ टक्के लोक औषध घेत नव्हते. जे घेत होते, त्यांच्यातही फक्त ४० टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता. हिशोब केला तर शंभर बीपीवाल्यांमागे सुमारे अकरा जण सुरक्षित, बाकीचे रामभरोसे.

ॲपच्या बाजूने पहिला युक्तिवाद होतो तो जागृतीचा. लोकांना माहीत नाही म्हणून ते उपचार घेत नाहीत, ॲप त्यांना माहिती देईल, असं म्हणतात. पण उच्च रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. ज्याला आपल्याला बीपी आहे हेच ठाऊक नाही, तो बीपीचं ॲप शोधायला कशाला जाईल? ते घेणारा माणूस निदान झालेला, बहुधा डॉक्टर गाठलेला, इंग्रजी किंवा किमान यंत्राने केलेली मराठी वाचू शकणारा असतो. ७२ टक्क्यांतल्या ज्याचा दंड अजून एकदाही बीपीच्या पट्ट्यात गेलेला नाही, त्याच्यापर्यंत हे साधन पोचतच नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, त्यातला हा प्रकार.

त्यात फोन कुणाचा हाही प्रश्न आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शहरी भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५१.८ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. त्यानंतर फोन वाढले, डेटा स्वस्त झाला, हे मान्य. पण बीपीचा खरा जोर पन्नाशीनंतर असतो आणि ते वय या आकड्यात धरलेलंच नाही. कोळणीच्या घरात स्मार्टफोन असतो, पण तो नातवाच्या हातात. आजीचा आकडा नातवाच्या सवडीने भरला जाणार असेल, तर त्याला 'स्वतःची काळजी' म्हणणं धाडसाचं आहे.

दुसरा युक्तिवाद आठवणीचा. लोक गोळी विसरतात, ॲप विसरू देत नाही. याची रीतसर परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत 'मेडिसेफ' या गोळीची आठवण देणाऱ्या ॲपची चाचणी ४११ रुग्णांवर घेतली गेली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. बारा आठवड्यांनंतर ॲपवाल्या गटाने गोळ्या थोड्या अधिक नियमित घेतल्याचं सांगितलं. रक्तदाब मात्र दोन्ही गटांत सारखाच, वरचा आकडा सुमारे दहाने उतरला होता. ॲप असलेल्यांचा आणि नसलेल्यांचा फरक नगण्य. फोन वाजत राहिला, पाऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

कोळीवाड्यात तर हे आणखी उघड दिसतं. मासळी विकणारी बाई पहाटे ससून डॉक किंवा भाऊचा धक्का गाठते, लिलावात माल घेते, बर्फ भरते, बाजारात फळी मांडते. बुधवार, शुक्रवार, रविवार हे तिच्या धंद्याचे वार. सकाळी आठला फोन वाजतो तेव्हा एका हातात सुरा असतो, दुसऱ्या हाताला खवले चिकटलेले असतात, समोर पापलेटाच्या भावावरून गिऱ्हाईक हुज्जत घालत असतं आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गल्ल्याखाली ठेवलेला असतो. तो वाजून वाजून गप्प होतो. होडीवर जाणाऱ्या तिच्या नवऱ्याचं घड्याळ तर त्याहून वेगळं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्याची झोप, न्याहारी, निघण्याची घाई सगळी त्या वेळेच्या मागे. फोनमधल्या ठरीव गजराला उधाण आणि भांग कळत नाही.

'वेळ बदलून घ्या की,' असं उत्तर यावर येईल. येतेही बदलता. पण मुळात इतक्या काटेकोर वेळेची गरजच नसते, हे ॲप सांगत नाही. आपल्याकडे बीपीवर सर्रास दिली जाणारी ॲम्लोडिपिन अंगात दिवसभराहून जास्त टिकते. रोज घेणं महत्त्वाचं, दोन-चार तास इकडेतिकडे झाले तर आभाळ कोसळत नाही. एखादी जाणती परिचारिका हे एका वाक्यात मिटवते: पहिल्या चहाबरोबर घे, मग तो चहा तीनला असो की सातला. ॲप मात्र आठ वाजून गेले की तांबड्या अक्षरांत 'गोळी चुकली' अशी नोंद करून मोकळं होतं. चार दिवस तांबडी अक्षरं पाहिली की माणूस गोळी नाही, ॲप बंद करतो.

तिसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे, म्हणून त्याला झटकून चालणार नाही. घरी मोजल्याने रक्तदाब उतरतो, असं चांगल्या अभ्यासांत दिसलेलं आहे, मग मोजून नोंदवणाऱ्या ॲपला नावं का ठेवायची? यासाठी ज्या अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो तो ब्रिटनमधला, २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला. त्यात ११८२ रुग्ण होते. काहींनी घरी मोजून आकडे कागदावर लिहून पाठवले, काहींनी ते फोनच्या संदेशातून पाठवले, उरलेल्यांचे उपचार नेहमीप्रमाणे चालले. वर्षाअखेर कागदवाल्यांचा वरचा आकडा नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे ३.५ ने, तर फोनवाल्यांचा ४.७ ने खाली होता. फायदा झाला, यात वाद नाही. पण तो झाला कसा? घरचे आकडे फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर गेले आणि त्याने त्यांवरून औषध वाढवलं. मोजणं ही पहिली पायरी होती, उतार आणला तो बदललेल्या गोळीने. शिवाय वर्षभरानंतर कागद आणि फोन यांच्यात म्हणावं असं अंतर उरलं नाही.

सगळा वाद इथेच मिटायला हवा होता. समजा, १६८ वर १०२ हा आकडा मोजला गेला, भरला गेला, फोनमध्ये त्याचा सुंदर आलेखही निघाला. पुढे काय? औषध बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत तो पोचला आणि त्या माणसाने काही केलं, तर त्या आकड्याला अर्थ आहे. नाही तर रुग्णाच्या पदरी फक्त धास्ती येते. बाजारातली बहुतेक स्वसेवा-ॲपं नेमकी इथे हात वर करतात. 'कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या' असं एक वाक्य खाली झळकतं आणि गोल फिरून गाडी पुन्हा त्याच दवाखान्याच्या रांगेत येते, जी रांग टळणार म्हणून ॲप घेतलं होतं.

आकडा जातो त्या जागाही कधी कधी भलत्याच निघतात. औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या 'गुडआरएक्स' या अमेरिकी कंपनीने ग्राहकांच्या औषधांची माहिती फेसबुक, गुगलसारख्या जाहिरात कंपन्यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने ठेवला. २०२३ मध्ये कंपनी १५ लाख डॉलर दंड भरायला राजी झाली. डॉक्टरपर्यंत न पोचणारा आकडा जाहिरातदारापर्यंत मात्र बरोबर पोचतो.

आता चौथा दावा, सगळ्यांत मोहक आणि सगळ्यांत घातक: पट्टा नको, यंत्र नको, फोनच बीपी मोजेल. २०१४-१५ मध्ये 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं ॲप अमेरिकेत लाखावर लोकांनी विकत घेतलं होतं. फोन छातीला टेकवायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं, की आकडा हजर. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ते तपासलं, तेव्हा ज्यांचा रक्तदाब खरोखर जास्त होता अशा ७७.५ टक्के लोकांना त्या ॲपने तो ठीक असल्याचं सांगितलं होतं. ज्याला ताबडतोब गोळीची गरज, त्यालाच 'सगळं उत्तम' असा निरोप. ते ॲप बंद झालं, पण हौस बंद झाली नाही. बोट ठेवून किंवा मनगटावरच्या पट्टीवरून बीपी सांगणारी नवी खेळणी येतच आहेत आणि पट्ट्याविना मोजणाऱ्या अशा साधनांवरून निदान किंवा उपचार ठरवू नयेत, असं युरोपातल्या रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनेने बजावलेलं आहे.

नीट मोजणं म्हणजे काय, हेही एकदा जवळून पाहावं. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसायचं. दंड मोकळा करायचा, पट्टा दंडाच्या मापाचा हवा, हात छातीच्या पातळीला टेकलेला हवा. एकदा मोजून मिनिटभराने पुन्हा मोजायचं. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला कुकर आणि दारात जाळं शिवणारा माणूस, तिथे ही पाच शांत मिनिटं कुठून आणायची? दंडाचं खात्रीचं यंत्र घ्यायचं तर दीड-दोन हजार रुपये पडतात. 'फुकट ॲप' म्हणताना हे पैसे कुणी मोजत नाही.

आहाराचा सल्लाही असाच उंटावरून शेळ्या हाकणारा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, मुंबईकर सरासरी ८.६ ग्रॅम खातो, असं 'स्टेप्स'मध्ये दिसलं. मीठ कमी करायला हवं, यात शंका नाही. पण 'सुकी मासळी टाळा' असा सरधोपट हुकूम देणाऱ्याला सुकी मासळी ठाऊक नाही. वलांडीवर टांगून उन्हात वाळवलेला बोंबील किंवा अंथरून सुकवलेला जवळा बहुधा मीठ न लावताच सुकवतात. मीठ असतं ते खाऱ्या मासळीत, खारवलेल्या बांगड्यात. एकाला बंदी आणि दुसऱ्याला मुभा, असा सल्ला इथली बाई पाळू शकते, कारण तिला तो फरक जन्मापासून कळतो. दोन्ही एका खान्यात घालणारं ॲप तिच्यापुढे पहिल्या दिवशीच अडाणी ठरतं. शिवाय कालवण एकाच टोपात शिजतं आणि सात जण जेवतात, मीठ एकट्याचं कमी होत नाही.

चीनमधल्या एका प्रयोगाने ही गोष्ट बरोबर ओळखली होती. तिथे ५४ शाळांतल्या मुलांना ॲपमधून मिठाचे धडे दिले आणि घरच्यांचं मीठ कमी करायचा गृहपाठ दिला. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: मोठ्यांचं मीठ दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅमने, तर वरचा रक्तदाब दीडहून थोडा अधिक उतरला. उतार छोटा, पण खरा. तिथे ॲप रुग्णाच्या मागे लागलं नव्हतं. ते शाळेच्या आणि शिक्षकांच्या आधाराने घरात शिरलं होतं.

मग हुकमाचं पान टाकलं जातं: 'माणसं आणायची कुठून? परिचारिका नाहीत, डॉक्टर नाहीत, ॲप स्वस्त आहे.' स्वस्त आहे हे खरं, पण निकाल न देणारी स्वस्ताई शेवटी महागच पडते. हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत 'एमवेलकेअर' या संगणकीय प्रणालीची वर्षभर चाचणी झाली, रुग्ण ३,६९८. एका गटात परिचारिकेच्या हाती ॲप दिलं, दुसऱ्यात कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि उपचारांचे तक्ते एवढंच. रक्तदाब दोन्हीकडे उतरला, ॲपमुळे जास्त उतरला असं दिसलं नाही. याउलट बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० खेड्यांतल्या २,६४५ रुग्णांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आरोग्यसेविका घरी गेल्या, रक्तदाब मोजला, कुटुंबाशी बोलल्या, गरज असेल त्याला प्रशिक्षित डॉक्टरकडे धाडलं. दोन वर्षांनी वरचा आकडा नेहमीच्या उपचारांपेक्षा ५.२ ने जास्त उतरलेला होता. हे देश काही श्रीमंत नाहीत.

आणि वरळी कोळीवाड्यापर्यंत माणसं पोचत नाहीत, असं म्हणायची तर सोयच नाही. मार्च २०२० च्या अखेरीस कोरोनामुळे ही वस्ती सील झाली, मुंबईतल्या पहिल्या मोठ्या प्रतिबंधित क्षेत्रांपैकी ही एक. 'आरोग्य सेतू' ॲप त्यानंतर २ एप्रिलला आलं. त्या काळात गल्लोगल्ली ताप मोजत फिरले ते पालिकेचे कर्मचारी आणि आरोग्यसेविका. पुढे सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत राज्यभर घरोघर जाऊन कुणाला कोणता जुना आजार आहे, हे विचारलं गेलं. साथीसाठी जे दार ठोठावता येतं, ते बीपीसाठीही येतं. अडतं ते त्या सेविकेच्या मानधनाशी आणि तिच्या पिशवीत यंत्र देण्याशी.

तर मग ॲप नकोच का? असं म्हणणं हा दुसऱ्या टोकाचा हट्ट होईल. याच महाराष्ट्रात ॲप चालल्याचं उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा हे जिल्हे सुरुवातीला त्यात होते. इथे 'सिम्पल' नावाचं ॲप वापरलं गेलं आणि ते होतं परिचारिकेच्या फोनमध्ये. रुग्णाकडे एक छोटं कार्ड. कार्डावरचा कोड स्कॅन करायचा, दोन आकडे आणि औषध भरायचं, काही सेकंदांत काम संपतं. खरी करामत पुढची. जो रुग्ण तारखेला आला नाही त्याचं नाव ॲप आपोआप यादीत वर आणतं, परिचारिका तिथूनच त्याला फोन लावते आणि तो काय म्हणाला ते नोंदवते. 'बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली' असं सांगणाऱ्या माणसाला आठवण देणारा गजर पुरत नाही, दोन शब्द सुनावणारं कुणी तरी लागतं.

त्या ॲपच्या मागे बाकीचं सगळं उभं होतं, हेही विसरू नये. कोणत्या आकड्याला कोणती गोळी, किती वाढवायची, याचा राज्यभर एकच साधा तक्ता. महिन्याभराच्या गोळ्या एकदम हातात. औषधांचा साठा खंडू नये याची तजवीज. घराजवळच्या केंद्रात तपासणी. काही राज्यांनी हेच काम कागदी कार्डांवर केलं. २०१८-१९ मध्ये या उपक्रमात नोंदलेल्या सुमारे ५ लाख ७० हजार रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्क्यांचा रक्तदाब शेवटच्या भेटीत आटोक्यात होता. उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. जपाननेही २०२२ मध्ये रक्तदाबाच्या एका ॲपला वैद्यकीय मान्यता दिली, पण ते डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचं, असं ठरवून. जिथे जिथे ॲप कामाला आलं, तिथे तिथे त्याच्या दुसऱ्या टोकाला जबाबदार माणूस बसलेला होता.

म्हणून मुंबईत बीपीचं कोणतंही ॲप पुढे करण्याआधी काही गोष्टी विचारल्या पाहिजेत. १६८ वर १०२ आल्यावर तो आकडा कुणाला दिसणार आणि किती दिवसांत त्याने फोन करायचा? गोळी वाढवायची तर ती फुकट कुठे मिळणार? फोन नसलेल्याला कार्ड मिळणार का? माहिती तिसऱ्याला विकली जाणार नाही, याची हमी कोण देणार? आणि वस्तीलाही विचारलं पाहिजे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवण्याचा आराखडा तज्ज्ञांचाच होता. होड्या हाकणारे वरळीचे कोळी क्लीव्हलँड बंदराच्या वाटेसाठी भांडले, तेव्हा ते १२० मीटर झालं. बीपीच्या आराखड्यातही त्यांना आधीच विचारलेलं बरं.

पैसा आणि वेळ कुठे घालावा, याची उत्तरं तर साधीच आहेत. मुंबईतला 'आपला दवाखाना' सकाळी सात ते दुपारी दोन आणि तीन ते रात्री दहा अशा वेळांत चालवायचं ठरलेलं आहे. बाजार आटोपून आलेल्या बाईला रात्री आठला बीपी मोजून महिन्याच्या गोळ्या मिळणं, हा कोणत्याही गजरापेक्षा मोठा आधार. तो दर वेळी मिळेल, साठा संपला म्हणून तिला परत पाठवलं जाणार नाही, एवढं पाहिलं तरी बरंच होईल. आणि दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. एरवी सापडत नाहीत ते पुरुष या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त करत दारात बसलेले असतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा दंड तेव्हा एकदा मोजून घ्यावा, ज्याला लागेल त्याला तिथेच कार्ड आणि पहिल्या तीस गोळ्या द्याव्यात आणि ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या की कोण परत आला नाही, त्याची यादी आरोग्यसेविकेच्या फोनमध्ये ठेवावी. ॲपला करण्याजोगं काम हे आहे.